नऊ पिनांचे विश्व : नाइनपिन बोलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा

'बोलिंग' हा शब्द ऐकला की भारतीय वाचकाला आधी क्रिकेटची गोलंदाजी आठवते. त्यानंतर आठवतो तो मोठ्या शहरांतील मॉलमधला खेळ : तेल लावलेली चकचकीत पट्टी, बोटे घालण्यासाठी तीन छिद्रे असलेला जड चेंडू आणि पलीकडच्या टोकाला त्रिकोणात उभ्या केलेल्या दहा पिना. हा खेळ अमेरिकेत घडला आणि तेथून जगभर गेला. मात्र तो ज्या खेळातून निघाला तो जुना खेळ नऊ पिनांचा आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया, क्रोएशिया, सर्बिया, रुमानिया आणि पोलंड या देशांच्या पट्ट्यात तो आजही नेटाने खेळला जातो. या खेळाच्या 'क्लासिक' प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदा भरली ती १९५३ मध्ये, तेव्हाच्या युगोस्लाव्हियाची राजधानी बेलग्रेड येथे. दहा पिनांच्या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा त्यानंतर वर्षभराने, १९५४ मध्ये हेलसिंकीत झाली. वयाने थोरला असलेला हा खेळ प्रसिद्धीत मात्र कायम धाकटा राहिला.

दोन्ही खेळांतील फरक केवळ एका पिनेचा नाही. नाइनपिन क्लासिकमध्ये चेंडूचा व्यास १६ सेंटिमीटर आणि वजन तीन किलोपेक्षा थोडे कमी असते. त्याला बोटांसाठी छिद्रे नसतात; तो तळहातावर धरून, खाली वाकून, पट्टीवर अलगद सोडावा लागतो. चेंडू सोडण्याच्या रेषेपासून पहिल्या पिनेपर्यंतचे अंतर साडेएकोणीस मीटर असते. मार्गिकेला तेल लावलेले नसते, त्यामुळे चेंडूला घसरत नेऊन शेवटी वळवण्याची जी करामत दहा पिनांच्या खेळात दिसते, तिला येथे फारसा वाव नसतो. दहा पिनांच्या खेळातील चेंडू सात किलोंच्या पुढेपर्यंत जड असू शकतो व तो पिनांच्या गर्दीतून रणगाड्यासारखा जातो. नाइनपिनचा हलका चेंडू पिनेवर आदळताच स्वतःच दिशा बदलतो.

पिनांच्या मांडणीत खेळाची खरी कठोरता आहे. नऊ पिना एका मीटर बाजूच्या चौकोनात उभ्या असतात. चौकोनाचा एक कोपरा खेळाडूकडे असतो. त्यामुळे समोरून पाहताना एक, दोन, तीन, दोन, एक अशा पाच ओळी दिसतात. मधोमध उभी असलेली पिन 'राजा' मानली जाते. इतर पिना ४० सेंटिमीटर उंच, तर राजा ४३ सेंटिमीटर. चौकोनाच्या बाजूने मोजले तर लगतच्या दोन पिनांच्या मध्यबिंदूंत ५० सेंटिमीटर अंतर असते. खेळाडूच्या डोळ्यांसमोर ते तिरके येते आणि सुमारे ३५ सेंटिमीटर भासते. पिनेची जाडी सुमारे १० सेंटिमीटर धरली तरी दोन पिनांमध्ये २५ सेंटिमीटरची फट उरते आणि चेंडू तर १६ सेंटिमीटरचाच आहे. याचा सरळ अर्थ असा, की चेंडू बरोबर दोन पिनांच्या मधून, एकीलाही न शिवता निघून जाऊ शकतो. दहा पिनांच्या खेळात एकाच ओळीतील शेजारच्या दोन पिनांतून चेंडूला असे निसटता येत नाही, कारण तेथील फट चेंडूपेक्षा अरुंद असते.

म्हणूनच दहा पिनांच्या खेळात 'परिपूर्ण डाव' ही कल्पना आहे, नाइनपिनमध्ये नाही. अमेरिकेत दरवर्षी हजारो खेळाडू सलग बारा फेकींत सर्व पिना पाडून ३०० गुणांचा परिपूर्ण डाव नोंदवतात. नाइनपिनच्या जागतिक स्पर्धेत खेळाडूला १२० फेकी मिळतात. प्रत्येक फेकीत नऊ पिना पाडल्या तर बेरीज १,०८० होईल. प्रत्यक्षात सहाशेच्या पुढची बेरीज चांगल्या खेळाडूची ओळख मानली जाते, साडेसहाशेच्या आसपास जागतिक दर्जा सुरू होतो आणि सातशेचा टप्पा ओलांडणे मोजक्यांनाच साधते. सातशे म्हणजे दर फेकीला सहा पिनाही नव्हेत. या खेळातला सर्वोत्तम माणूससुद्धा शक्य असलेल्या गुणांपैकी तिसरा हिस्सा गमावूनच विजेता ठरतो, हे ध्यानात घेतले की प्रेक्षागृहातील तणावाचे कारण कळू लागते.

या १२० फेकी चार मार्गिकांवर विभागलेल्या असतात. प्रत्येक मार्गिकेवर ३० फेकी आणि त्यांसाठी १२ मिनिटे. त्यांतल्या पहिल्या १५ फेकी पूर्ण मांडणीवर असतात, म्हणजे प्रत्येक फेकीच्या वेळी सर्व नऊ पिना पुन्हा उभ्या केल्या जातात. पुढच्या १५ फेकींना मराठीत 'सफाई' म्हणता येईल. येथे पडलेली पिन पडलेलीच राहते आणि उरलेल्या पिना एकामागून एक टिपाव्या लागतात. नऊही पडल्या की मगच नवी मांडणी उभी राहते. पूर्ण मांडणीवर खेळताना ताकद व लय यांचे राज्य असते. सफाईत नेम, धीर आणि भूमिती लागते. पहिल्या फेकीत सहा पिना पडल्या आणि उरलेल्या तीन चौकोनाच्या तीन कोपऱ्यांत राहिल्या, तर त्या पाडण्यासाठी बहुधा तीन स्वतंत्र फेकी खर्च होतात व प्रत्येकीला एकच गुण मिळतो. एखादी फेक रिकामी गेली तर ती गुणपत्रिकेत 'चूक' म्हणून वेगळ्या रकान्यात लिहिली जाते. पूर्ण मांडणीवर दर फेकीला सरासरी साडेसहा पिना पाडणारा खेळाडू १५ फेकींत सत्त्याण्णवच्या आसपास पोहोचतो. सफाईत दर दोन फेकींत एक मांडणी संपवली तर १४ फेकींत ६३ गुण होतात आणि शेवटच्या फेकीचे पाच-सहा वर. जागतिक दर्जाच्या मार्गिकेचा हिशेब साधारणपणे असा असतो. सामने बहुतेक वेळा सफाईतच फिरतात.

अनेक दशके पुरुष २०० आणि महिला १०० फेकी खेळत. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दोघांसाठी १२० हे एकच प्रमाण आले. नुसत्या पिनांची बेरीज करून विजेता ठरवण्याची जुनी पद्धतही याच काळात मागे पडली आणि तिच्या जागी टेनिसची आठवण करून देणारी सेटपद्धती आली. सांघिक सामन्यात प्रत्येक बाजूला सहा खेळाडू असतात. प्रत्येकाची प्रतिस्पर्ध्याशी समोरासमोर लढत होते व प्रत्येक मार्गिका म्हणजे एक सेट. अधिक सेट जिंकणारा आपल्या संघाला एक गुण मिळवून देतो. सेट समान झाले तर एकूण पिनांची संख्या पाहिली जाते. सहा लढतींचे सहा गुण आणि ज्या संघाने एकूण अधिक पिना पाडल्या त्याला आणखी दोन, असे सामन्याचे आठ गुण होतात. या दोन गुणांमुळे एक विलक्षण परिस्थिती उद्भवते. आपली लढत केव्हाच हरलेला खेळाडूही शेवटच्या मार्गिकेवर एकेका पिनेसाठी झगडत राहतो, कारण त्याची ती पिन संघाच्या बेरजेत मोजली जाणार असते. मध्येच खेळाडू बदलता येतो, मात्र नवागताला आधीच्याच्या धावसंख्येवरून, किंबहुना पिनसंख्येवरून, पुढे जावे लागते.

वैयक्तिक स्पर्धेत एकेरीबरोबर 'स्प्रिंट' आणि 'टँडम' हे प्रकारही आहेत. स्प्रिंटमध्ये दोन मार्गिकांवर केवळ वीस-वीस फेकींची बाद पद्धतीची लढत असते. बरोबरी झाली तर पूर्ण मांडणीवरच्या तीन फेकींनी निकाल लागतो. टँडममध्ये दोन सहकारी एकाच मार्गिकेवर आळीपाळीने चेंडू टाकतात, त्यात मिश्र जोड्याही असतात. एकाने विस्कटलेली मांडणी दुसऱ्याने निस्तरायची, असा हा जोडीचा संसार. हे छोटे प्रकार पाहणाऱ्याला चटकन समजतात, आणि तेच त्यांचे प्रयोजन आहे. जुन्या पठडीतील खेळाडू मात्र आजही एकेरीच्या १२० फेकींनाच खरी कसोटी मानतात, आणि तसे मानण्यास आधार आहे : स्प्रिंटमध्ये नशीब साथ देऊ शकते, १२० फेकींत नशीब दोन्ही बाजूंना सारखेच वाटले जाते. या कसोटीवर या शतकात सर्वाधिक ठसा उमटवला तो सर्बियाच्या विल्मोश झावार्को याने. अनेक वेळा जगज्जेता ठरलेला हा खेळाडू वंशाने हंगेरियन आहे.

वंश एका देशाचा आणि गणवेश दुसऱ्या देशाचा, ही बाब या खेळात अपवाद नाही. ती त्याच्या भूगोलातच आहे. जर्मन भाषेत खेळाला 'केगेल्न' म्हणतात, स्लोव्हेनियात 'केगल्यान्ये', क्रोएशिया व सर्बियात 'कुगलान्ये', चेकमध्ये 'कुझेल्की', स्लोव्हाकियात 'कोल्की', पोलंडमध्ये 'क्रेंगले', हंगेरीत 'तेके' आणि रुमानियात 'पोपिचे'. यजमान शहरांची यादी नकाशावर मांडली तर जुन्या ऑस्ट्रो-हंगेरियन साम्राज्याची आणि जर्मन भाषिक वस्त्यांची सीमारेषा जवळपास हाती येते. १९५५ मध्ये एसेन, १९५७ मध्ये व्हिएन्ना, १९५९ मध्ये पूर्व जर्मनीतील बाउत्झेन, १९६४ मध्ये बुडापेस्ट, १९६६ मध्ये बुखारेस्ट, १९७२ मध्ये स्प्लिट, १९८४ मध्ये ल्युब्लियाना, १९८६ मध्ये म्युनिच. पश्चिम व पूर्व जर्मनीची शहरे, नाटोतील देश, तटस्थ ऑस्ट्रिया आणि वॉर्सा करारातील देश या एकाच यादीत दिसतात. शीतयुद्धाच्या ऐन भरात पडद्याच्या दोन्ही बाजूंना ही स्पर्धा आलटून पालटून भरत राहिली, याचे एक कारण कदाचित तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते हेही असावे.

युगोस्लाव्हियाची कथा वेगळी आहे. बेलग्रेड, स्प्लिट आणि ल्युब्लियाना ही तिन्ही यजमान शहरे तेव्हा एकाच देशात होती. आज ती तीन देशांत आहेत. नव्वदच्या दशकात देश फुटला, युद्ध झाले आणि एकेकाळी एका संघात खेळणाऱ्यांचे वारस वेगवेगळ्या ध्वजांखाली उभे राहिले. राजकारणाने केलेल्या या विभाजनाचा खेळाला चमत्कारिक लाभ झाला : एका बलाढ्य संघाच्या जागी सर्बिया, क्रोएशिया व स्लोव्हेनिया असे तीन प्रबळ संघ आले, शिवाय बोस्निया-हर्झेगोव्हिना व उत्तर मॅसिडोनियाही. २००६ ची वैयक्तिक स्पर्धा मॅसिडोनियाची राजधानी स्कोप्ये येथे, २००८ ची क्रोएशियातील झादार येथे, तर २०११ ची सांघिक स्पर्धा साराजेव्होत झाली. १९९२ ते १९९६ या काळात वेढ्यात होरपळलेल्या शहरात त्याच भूमीवरील प्रतिस्पर्धी एका छताखाली पिना पाडत होते.

२००५ पासून पुढे बरीच वर्षे विषम वर्षी सांघिक व सम वर्षी वैयक्तिक, असा स्पर्धेचा क्रम राहिला. अलीकडच्या यजमानांवर नजर टाकली की आणखी एक गोष्ट लक्षात येते. २०१४ चे बर्नो किंवा २०१८ चे क्लूज-नापोका ही मोठी शहरे आहेत, पण जर्मनीतील डेटेनहाइम आणि श्पाइखर्सडॉर्फ, क्रोएशियातील नोव्हिग्राड, चेक प्रजासत्ताकातील रोकित्सानी ही लहान गावे वा छोटी नगरे आहेत. क्लबांचेही तसेच. पुरुषांच्या युरोपीय क्लब स्पर्धांवर दीर्घकाळ वर्चस्व गाजवणारा 'रोट-वाइस त्सेर्ब्स्ट' हा संघ ज्या त्सेर्ब्स्ट गावाचा आहे, ते गाव इतिहासात ओळखले जाते ते रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्या माहेरच्या राजघराण्यामुळे. क्रोएशियातील कोप्रिव्हनित्सा या गावचा महिलांचा नामवंत संघ 'पोद्राव्का' या खाद्यपदार्थ उद्योगाचे नाव लावतो. महानगरांतील स्टेडियमपेक्षा कारखाना, रेल्वे वसाहत, चर्चचे सभागृह आणि गावातील खाणावळ यांच्या आधाराने हा खेळ वाढला.

खाणावळीचे नाते तर फार जुने आहे. मध्ययुगीन जर्मन नगरांत जत्रांमधून हा खेळ खेळला जाई, त्यावर पैजा लागत आणि अधूनमधून बंदीही येई. पिनांची संख्या नऊ ही धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने ठरवली, असे सांगण्याची प्रथा आहे. तिला दंतकथेपेक्षा अधिक मोल देऊ नये. मोझार्टने मात्र १७८६ च्या जुलैमध्ये दोन हॉर्नसाठी लिहिलेल्या छोट्या रचनांच्या हस्तलिखितावर, त्या हा खेळ खेळता खेळता लिहिल्याची नोंद स्वतःच्या हाताने केली आहे. स्थलांतरितांबरोबर खेळ अमेरिकेत गेला. वॉशिंग्टन आयर्व्हिंगच्या १८१९ मधील 'रिप व्हॅन विंकल' या कथेत डोंगरात विचित्र माणसे नऊ पिनांचा खेळ खेळतात आणि चेंडूंचा आवाज ढगांच्या गडगडाटासारखा घुमतो. जुगाराला आळा घालण्यासाठी कनेक्टिकट राज्याने १८४१ मध्ये नऊ पिनांच्या खेळावर बंदी घातली आणि कायद्यातून पळवाट म्हणून दहावी पिन आली, अशी कथा पुढे रूढ झाली. बंदी खरी आहे. पळवाटेच्या कथेचा पुरावा तितका भक्कम नाही. अमेरिकेत नऊ पिनांचा खेळ टिकला तो टेक्सास राज्यात सॅन अँटोनियोच्या परिसरातील जर्मन वसाहतींमध्ये, जेथे त्याचे स्थानिक क्लब अजून आहेत. दक्षिण ब्राझीलमधील जर्मन वस्त्यांतही त्याचे एक रूप नांदते.

युरोपातही सर्वत्र एकच खेळ नाही. जर्मनीच्या उत्तरेत अरुंद लाकडी पट्टीवरचा 'बोहले', पश्चिमेत आणि लक्झेंबर्ग-बेल्जियमकडे, टोकाला कात्रीसारखी रुंदावणारी 'शेरे', आणि दक्षिणेत व पूर्वेत 'क्लासिक' असे तीन प्रकार आहेत. जागतिक पातळीवर सर्वाधिक देश खेळतात तो क्लासिक. जर्मनीत खेळाडूंची राष्ट्रीय संघटना १८८५ मध्ये ड्रेस्डेन येथे स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे एफआयक्यू, १९५२ मध्ये हॅम्बुर्ग येथे आकाराला आला. पुढे या महासंघात दहा पिनांची आणि नऊ पिनांची अशा दोन स्वतंत्र शाखा झाल्या. नऊ पिनांच्या जागतिक संघटनेचे इंग्रजी लघुरूप 'डब्ल्यूएनबीए' असे होते, आणि अमेरिकेतील महिला बास्केटबॉल लीगचेही तेच. ठळक बातम्यांत या खेळाचा शोध घेणाऱ्याच्या हाती बहुधा बास्केटबॉलच लागतो.

ऑलिंपिकच्या दाराशी दोन्ही भावंडांचे नशीब सारखे नव्हते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने महासंघाला १९७९ मध्ये मान्यता दिली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय खेळ म्हणून स्थान मिळाले ते दहा पिनांना. आशियाई क्रीडास्पर्धांतही १९७८ मध्ये बँकॉक येथे दहा पिनांचाच खेळ आला. १९८२ च्या दिल्लीतील स्पर्धेत तो वगळला गेला होता. भारतात राष्ट्रीय महासंघ आणि स्पर्धा आहेत त्याही दहा पिनांच्याच. नाइनपिन क्लासिकची अडचण उघड आहे. तिची जागतिक स्पर्धा आजवर युरोपबाहेर गेलेली नाही, आणि ज्या खेळात आशिया व आफ्रिका जवळपास अनुपस्थित आहेत त्याला ऑलिंपिकमध्ये जागा मागणे कठीण असते. जागतिक या विशेषणाचा येथे अर्थ भौगोलिक कमी आणि आकांक्षेचा अधिक आहे.

खेळापुढचा अधिक निकटचा प्रश्न मार्गिकांचा आहे. जर्मनी व ऑस्ट्रियात खाणावळींच्या तळघरांतील मार्गिका एक-एक करून बंद होत गेल्या, क्लबांची सदस्यसंख्या घटली आणि खेळाडूंचे सरासरी वय वाढले. पूर्वेकडे समाजवादी राजवटीतील कारखाने आपल्या कामगारांसाठी सभागृहे बांधत व राखत. कारखाने गेले तसा तो आधारही गेला. चार नव्हे तर सहा-आठ मार्गिका, मोजणीची यंत्रणा आणि प्रेक्षकांसाठी जागा असलेले सभागृह उभारणे ही लहान गावाच्या दृष्टीने मोठी गुंतवणूक असते. म्हणूनच जागतिक स्पर्धेचे यजमानपद ज्या गावाला मिळते त्या गावाला नव्या मार्गिका मिळतात, आणि त्या पुढची पंचवीस-तीस वर्षे पोरांना खेळायला उपयोगी पडतात. २३ वर्षांखालील मुलामुलींच्या जागतिक स्पर्धा याच हेतूने मोठ्यांच्या स्पर्धेला जोडून घेतल्या गेल्या.

प्रत्यक्ष सामन्याचे वातावरण मात्र म्हातारपणाची खूण दाखवत नाही. टेनिस किंवा बुद्धिबळासारखी शांतता येथे पाळली जात नाही. ढोल, घंटा, घोषणा यांच्या कल्लोळात खेळाडू आपली चार पावले मोजतो, वाकतो आणि चेंडू सोडतो. रेषेवर पाय पडला की पंचांचे पिवळे कार्ड निघते. जर्मन भाषिक खेळाडू एकमेकांना 'गुट होल्त्स' असे म्हणून शुभेच्छा देतात. शब्दशः अर्थ, 'चांगले लाकूड'. पिना आणि चेंडू दोन्ही आता कृत्रिम द्रव्यांचे आहेत, अभिवादन लाकडाचेच राहिले आहे.

पूर्वी पडलेल्या पिना उभ्या करण्यासाठी मार्गिकेच्या टोकाला मुले बसवली जात. त्यांची जागा यंत्राने घेतली तेव्हा नाइनपिनने प्रत्येक पिनेच्या डोक्याला दोरी बांधून ती वर खेचण्याची पद्धत स्वीकारली. स्वस्त, कमी बिघडणारी आणि कमी वीज खाणारी ही व्यवस्था दहा पिनांच्या जगात दीर्घकाळ कमअस्सल समजली गेली, कारण दोरीमुळे पिनांच्या पडण्यात फरक पडतो. यंत्रांच्या देखभालीचा खर्च वाढत गेला तशी ती भूमिका मऊ झाली. अमेरिकेच्या बोलिंग संघटनेने २०२३ मध्ये दोरीबद्ध पिनांच्या खेळाला स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता दिली आणि दहा पिनांची नवी केंद्रे आता अनेक ठिकाणी दोरीवरच उभी राहत आहेत.